ग्रीकांचे हलके सोने

इ.स.पू. ३४८ मध्ये, डायोनायसस देवाचा मोठा उत्सव जवळ येऊन ठेपला असता, अथेन्सच्या बाजारचौकातील एका सोनाराच्या दुकानात मिडियस नावाचा धनाढ्य गृहस्थ रात्रीच्या वेळी साथीदारांसह शिरला आणि तेथे घडत असलेला सोन्याचा मुकुट व सोनेरी कामाचे वस्त्र यांची मोडतोड करू लागला. ऐवज होता डेमॉस्थेनिसचा. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या या वक्त्याने त्या वर्षी आपल्या गणाच्या गायकवृंदाचा सारा खर्च अंगावर घेतला होता, आणि मिडियसशी त्याचे वैर जुने होते. पम्मेनीस नावाच्या त्या सोनाराची जबानी डेमॉस्थेनिसच्या भाषणाच्या पाठात आजही वाचावयास मिळते: दुकान चौकातले, राहणेही तेथेच, कामास दिलेला ऐवज अमुक, रात्री आलेली माणसे तमुक, आणि आपण मध्ये पडल्यामुळे सगळ्याचा नाश तेवढा टळला. उत्सवात मिडियसने भर नाट्यगृहात डेमॉस्थेनिसला ठोसा लगावला, फिर्याद सिद्ध झाली, भाषण लिहून तयार झाले, आणि डेमॉस्थेनिसचा प्रतिस्पर्धी एस्किनीस याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवावयाचा तर तीस मिना रोख घेऊन प्रकरण आपसांत मिटले. सोनाराला काय मिळाले याचा उल्लेख करण्याची गरज एस्किनीसला वाटलेली नाही.

ग्रीसमध्ये कुंभार आपल्या घटांवर नाव लिहीत, मूर्तिकार चौथऱ्यावर नाव कोरीत. परंतु ज्यांच्या हातून त्या संस्कृतीतील अत्यंत सूक्ष्म काम उतरले ते सुवर्णकार जवळजवळ सर्व निनावी राहिले. जी थोडी नावे हाती लागतात ती अशी कोर्टकज्जांत, किंवा त्याहूनही चमत्कारिक ठिकाणी: अथेन्समध्ये सापडलेल्या शिशाच्या एका पत्र्यावर कोणा हितशत्रूने डायोनिसियस नावाचा शिरस्त्राणे करणारा कारागीर आणि आर्टेमिस नावाची त्याची सोनेकाम करणारी पत्नी, या दोघांच्या घरादाराला, कामाला आणि पोटापाण्याला शाप देऊन ठेवला आहे. एवढ्यावरून दोन गोष्टी कळतात, की सोनेकामात स्त्रियांचेही हात होते, आणि धंद्यातली असूया आजच्याहून कमी नव्हती.

पम्मेनीसच्या दुकानातील त्या मुकुटाचे महत्त्व नीट ध्यानात येण्यासाठी ग्रीक मुलखात सोने किती दुर्मिळ होते हे प्रथम पाहिले पाहिजे. अथेन्सच्या हाताशी लॉरियनच्या चांदीच्या खाणी होत्या, सोन्याच्या नव्हत्या. सिफ्नॉस बेटाची खाण एके काळी एवढी संपन्न होती की त्या बेटकऱ्यांनी डेल्फीला इ.स.पू. ५२५ च्या सुमारास संगमरवरी कोषगृह उभारले. थॅसॉस बेट आणि समोरचा थ्रेसचा किनारा येथे सोने निघे, पण त्यावरून लढाया होत. बाकीचे यावयाचे ते पूर्वेकडून, लिडियाच्या सार्डिस शहराजवळून वाहणाऱ्या पॅक्टोलस नदीच्या वाळूतून. तेथे उत्खननात इ.स.पू. सहाव्या शतकातील सोने शुद्ध करण्याच्या भट्ट्याच उघड झाल्या आहेत. नदीच्या चांदीमिश्रित सोन्याचा पातळ पत्रा मिठाबरोबर तापवून त्यातली चांदी तेथे वेगळी काढीत. त्याच मुलखातील काळ्या कसोटीच्या दगडाचे वर्णन थिओफ्रास्टसने आपल्या पाषाणविषयक ग्रंथात केले आहे. हिरोडोटसच्या हिशेबाने एक भार सोन्याला तेरा भार चांदी पडे. अशा मुलखात दागिना हा वजनाने श्रीमंत होऊ शकत नव्हता; त्याला श्रीमंती आणावयाची तर ती हातानेच आणावी लागे, आणि ग्रीक सुवर्णकलेचे सारे रहस्य, माझ्या मते, या टंचाईतच आहे.

टंचाईला रीतिरिवाजाचीही जोड होती. पुरुषाने सोने अंगावर घालणे हे ग्रीकांना पूर्वेकडच्या लोकांचे लक्षण वाटे. थ्युसिडिडीज सांगतो, की अथेन्समधील वडीलधारी श्रीमंत मंडळी सिकाडा कीटकाच्या आकाराच्या सोन्याच्या आकड्यांनी केस बांधीत, ती चाल मोडून फार काळ लोटलेला नाही. झेनोफोनच्या सैन्यात, इ.स.पू. ४०१ मध्ये, अपोलोनिडीस नावाचा एक नायक शत्रूच्या राजाची मनधरणी करण्याच्या गोष्टी बोलू लागला तेव्हा एकाने उठून एवढेच दाखवून दिले, की याचे दोन्ही कान लिडियन माणसासारखे टोचलेले आहेत. तेवढ्यावर त्याला छावणीतून हाकलून देण्यात आले. ज्या देशात भिकबाळी ही मर्दाच्या दिमाखाची खूण मानली गेली, तेथील वाचकाला हा न्याय थोडा कडक वाटेल. इटलीच्या दक्षिणेस लोक्रीचा कायदेकर्ता झॅल्युकस याने तर, डायोडोरसच्या सांगण्याप्रमाणे, गणिकेखेरीज कोणा स्त्रीने सोन्याचे दागिने घालू नयेत असाच हुकूम काढला होता. कायदा अशा खुबीने केलेला, की दंड ठेवण्याची गरजच पडू नये.

पुरुषाला सोने मिळे ते सार्वजनिक मानाचे, म्हणजे मुकुटाच्या रूपाने. नगरसभा ठराव करून हजार द्राख्माचा सुवर्णमुकुट देई, तो जाहीर कोठे करावा याचेही कायदे होते, आणि इतर मुद्द्यांबरोबर याही मुद्द्यावरून डेमॉस्थेनिस व एस्किनीस यांचा इ.स.पू. ३३० मधील प्रसिद्ध वाद झाला. असे मुकुट बहुधा देवालाच अर्पण होत, आणि देवालयाच्या जामदारखान्यात त्यांची नोंद होई. अथेन्सच्या पार्थेनॉनमधील आणि डेलॉस बेटावरील अपोलोच्या देवळातील अशा याद्या दगडावर कोरलेल्या सापडल्या आहेत. मुकुट, वजन इतके. कंठा, अर्पण करणारी अमुक. अंगठी, खडा निखळलेला. दर वर्षी नवे अधिकारी जुन्यांकडून वजनासह ताबा घेत, आणि आपल्या पेशवाई दफ्तराशी परिचय असलेल्या माणसाला त्या ओळी वाचताना मुळीच परके वाटत नाही.

परंतु जे वजनासह नोंदले जाते ते वजनासह वितळतेही. फिडियसने घडविलेल्या अथीनादेवीच्या महामूर्तीवर चाळीस टॅलेंट, म्हणजे सुमारे नव्वद हजार तोळे सोने चढविले होते, आणि ते सगळे काढता येईल अशा बेताने बसविले होते. स्पार्टाशी होणाऱ्या युद्धाच्या तोंडावर पेरिक्लीजने नागरिकांपुढे नगराची शिल्लक मोजून दाखविली तेव्हा त्या हिशेबात देवीच्या अंगावरचे हे सोनेही धरले, फक्त वापरले तर परत करावे लागेल एवढी अट सांगून. त्याच युद्धाच्या अखेरीस विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्ती टाकसाळीत गेल्या. पुढे शतकभराने लाकारीस नावाच्या जुलमी सत्ताधीशाने भाडोत्री सैन्याचा पगार भागविण्यासाठी अथीनेचेही सोने उतरविले. डेल्फीला फोकिसच्या सरदारांनी इ.स.पू. ३५६ पासून दहा वर्षे चाललेल्या धर्मयुद्धात लिडियाच्या क्रीसस राजाने वाहिलेल्या सोन्याच्या विटांसह देवाचा खजिना वितळविला. डायोडोरस त्याची किंमत दहा हजार टॅलेंट चांदीहून अधिक सांगतो. त्या लुटीतले दोन प्राचीन कंठे मात्र वितळले नाहीत. सरदारांच्या बायकांनी ते मागून घेतले: एकीने हेलनचा म्हणून, दुसरीने एरिफिलीचा म्हणून.

याचा परिणाम असा, की ग्रीक सोन्याच्या वैभवाविषयी आपण ग्रंथांत वाचतो ते बहुतेक नष्ट झालेले आहे, आणि संग्रहालयांत पाहतो ते बहुतेक कबरींतून आलेले आहे. तेही अथेन्सच्या कबरींतून फारसे नाही; अभिजात काळात तेथे मृताबरोबर सोने पुरण्याची चाल नव्हती. अथेन्सच्या स्मशानातली, इ.स.पू. ४०० च्या सुमाराची हेगेसो नावाच्या स्त्रीची स्मृतिशिळा आहे. खुर्चीवर बसलेल्या हेगेसोपुढे दासी पेटी धरून उभी आहे आणि हेगेसो त्यातला दागिना उचलून न्याहाळते आहे. दागिना मात्र शिल्पकाराने कोरलेला नव्हता, रंगविलेला होता, तो रंग उडून गेला, आणि आज तिची बोटे रिकाम्या हवेत काही धरून आहेत. खरे सोने सापडते ते ग्रीक जगाच्या कडांवर, जेथे ग्रीक कारागीर आणि परकी दफनविधी यांची गाठ पडली: मॅसिडोनियात, थ्रेसमध्ये, इटलीच्या टारेंटमला, आणि सर्वांत विपुल काळ्या समुद्राच्या उत्तर तीरावर, क्रिमियात.

क्रिमियातील केर्च शहराजवळ कुल-ओबा नावाच्या टेकडीत इ.स. १८३० मध्ये शिपाई बांधकामासाठी दगड काढीत असता एक चिरेबंदी कबर उघडी पडली. त्या कबरीत सिथियन सरदार आणि एक राजस्त्री यांचे अवशेष होते. पहारा ढिला पडताच गावकऱ्यांनी रातोरात उरलेसुरले लुटले, तरी जे हाती आले ते आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयाचे भूषण आहे. त्यात त्या स्त्रीच्या कपाळाच्या दोन्ही बाजूंस लोंबणारी पदकांची एक जोडी आहे. पदकावर शिरस्त्राण घातलेल्या देवीचे मुख ठशाने उठविलेले आहे, शिरस्त्राणावरचे स्फिंक्स व पंखांचे घोडे स्पष्ट आहेत, आणि खाली साखळ्यांच्या जाळीत निळ्या-हिरव्या मिन्याची फुले गुंफलेली आहेत. मुख आहे ते फिडियसच्या अथीनेचे. चाळीस टॅलेंटांची मूर्ती वितळून गेली, आणि तिच्या शिरस्त्राणाचा तपशील पडताळण्यासाठी विद्वानांना एका परकी स्त्रीच्या तळहातात मावणाऱ्या दागिन्याकडे जावे लागते.

आता कामाकडे वळू. ग्रीक सोनाराची हत्यारे थोडी होती. ओडिसीत नेस्टरच्या घरी यज्ञपशूची शिंगे मढविण्यासाठी सोनार येतो तो ऐरण, हातोडा आणि चिमटा एवढेच घेऊन. पुढच्या काळात यात फुंकणी, ठसे, कोरण्या आणि मूस यांची भर घातली की दुकान पुरे झाले. ओतीव भरीव काम तो क्वचितच करी. सोने ठोकून कागदासारखा पत्रा करावयाचा, तो ब्राँझच्या ठशावर दाबून किंवा राळेवर ठेवून मागून ठोकून उठाव आणावयाचा, दोन अर्धी जोडून पोकळ आकृती करावयाची, हा त्याचा राजमार्ग. म्हणून वजनदार दिसणारा सिंहमुखी कर्णालंकार हातात घेतला तर फुलाइतका हलका लागतो. तार काढण्यासाठी भोकांची पट्टी त्याच्याजवळ नव्हती. पत्र्याची अरुंद पट्टी कापून तिला पीळ द्यावयाचा आणि मग दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये लाटून गोल करावयाची, अशी त्याची तार होई; त्या तारेवर भिंगाखाली सांध्याची मळसूत्री रेषा दिसते, तर पट्टीतून ओढलेल्या तारेवर लांबीच्या सरळ रेघा उमटतात. या एका खुणेवर आजवर कित्येक बनावट दागिने पकडले गेले आहेत.

बनावटीचा विषय निघाला म्हणून सांगतो. इ.स. १८९६ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने सैतफर्नीस या सिथियन राजाचा म्हणून एक सोन्याचा टोप दोन लक्ष फ्रँक देऊन घेतला. जर्मन पंडित फुर्टवेंगलर याने त्यावर तत्काळ संशय घेतला, पण तो जर्मन, आणि विकत घेणारे फ्रेंच, तेव्हा त्याचे ऐकतो कोण! अखेर १९०३ साली ओडेसाचा इस्राएल रुखोमोव्स्की नावाचा सोनार स्वतः पॅरिसला आला, टोप आपण घडविला असे म्हणाला, आणि पुराव्यादाखल चौकशीच्या मंडळीसमोर बसून त्याचा एक भाग पुन्हा घडवून दाखविला. लबाडी विकणाऱ्यांची होती. रुखोमोव्स्कीची कारागिरी इतकी अस्सल ठरली की पुढे त्याला स्वतःच्या नावावर मान मिळाला.

परंतु रुखोमोव्स्कीसारख्यालाही जी गोष्ट सहज साधली नसती ती रव्यांची. फिओदोसियाजवळच्या दफनटेकडीत १८५३ साली, समुद्रचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या ऐवाझोव्स्की या चित्रकाराने केलेल्या उत्खननात, कर्णभूषणांची एक जोडी निघाली. प्रत्येकीवर चार घोड्यांचा रथ हाकणारी विजयदेवता आहे, आणि भोवतीची तबकडी सोन्याच्या अशा बारीक रव्यांनी भरलेली आहे की साध्या डोळ्यांना ती केवळ खरखरीत भासते. उत्तम कामात असा एक रवा पाव मिलिमीटरहूनही लहान असतो. रवे करणे कठीण नाही. तारेचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत मिसळून मुशीत तापविले की प्रत्येक तुकडा वितळून आपोआप गोल होतो. कठीण आहे ते जोडणे. डाकाचा एक कण जास्त झाला, तर तो वितळून रव्यांच्या मधल्या फटी भरून टाकतो आणि सारे काम सपाट होते. आच जरा वाढली तर रवाच पत्र्यात विरून जातो.

एकोणिसाव्या शतकात रोमच्या कास्तेल्लानी घराण्याने या कोड्याचा ध्यास घेतला. एट्रुस्कन कबरींतले दागिने अभ्यासून, सांत'आंजेलो इन वादो नावाच्या आडगावातून जुन्या रीतीने काम करणारे कारागीर आणवून, त्यांनी नाना युक्त्या केल्या. त्यांचे दागिने युरोपभर गाजले, पण अगदी बारीक रव्यांपाशी त्यांचीही गाडी अडली. गंमत अशी, की उत्तराचा मोठा भाग छापील ग्रंथात पूर्वीपासून होता. रोमन ग्रंथकार प्लिनीने लिहून ठेवले आहे, की सोनार सोने जोडण्यासाठी सायप्रसच्या तांब्याचा जंगाल, अल्पवयीन मुलाचे मूत्र आणि क्षार हे तांब्याच्या खलात खलतात. वाचणाऱ्यांनी मूत्रापाशी नाक मुरडले असावे. १९३३ मध्ये लिटलडेल या इंग्रज कारागिराने त्यामागचे शास्त्र सिद्ध करून त्यावर हक्कपत्र घेतले: तांब्याचा क्षार आणि वनस्पतीचा डिंक यांच्या पाण्याने रवा चिकटवावयाचा, तापविल्यावर डिंकाचा कोळसा होतो, तो कोळसा तांब्याच्या क्षारातला प्राणवायू ओढून घेतो, आणि उरलेले तांबे सुमारे ८९० अंशांवर, म्हणजे शुद्ध सोन्याच्या १०६४ अंश वितळणबिंदूच्या बरेच खाली, सोन्याशी एकजीव होऊन नेमक्या स्पर्शबिंदूपुरता सांधा करते. डाक वेगळा वापरावा लागत नाही, म्हणून फटीही भरत नाहीत.

ही विद्या ग्रीकांची स्वतःची नव्हती, आणि त्यांच्याकडे ती अखंड टिकलीही नाही. क्रीटमधील मालिया येथील, इ.स.पू. १८०० ते १७०० च्या दरम्यानच्या पदकात मधाच्या पोळ्याला दोन्ही बाजूंनी बिलगलेल्या दोन मधमाशा आहेत. पोळ्यावरचे रवे आजही मोजता येतात. त्यानंतर मायसेनीच्या त्या कबरी, ज्या श्लीमानने १८७६ मध्ये उघडल्या: मुखवटे, तबकड्या, पत्रेच पत्रे, पण हात क्रीटच्या मानाने जड. मग राजवाडे जळाले, आणि तीन-चारशे वर्षे सोन्याचे नाव कमी ऐकू येते. या अंधारातून पहिला उजेड युबीया बेटावरील लेफ्कांदीला पडतो. तेथे इ.स.पू. दहाव्या शतकात पुरलेल्या एका श्रीमंत स्त्रीच्या गळ्यातले बॅबिलोनियन पदक, ती पुरली गेली तेव्हाच हजारएक वर्षांचे जुने होते. इ.स.पू. ८५० च्या सुमारास अथेन्समधील एका स्त्रीच्या कबरीत डाळिंबांचे घोस लोंबणारी तारकामाची व रव्यांची कर्णभूषणे आढळतात, तेव्हा पूर्वेकडून विद्या पुन्हा येऊन पोहोचली असे म्हणता येते.

दागिन्यांच्या अर्थाविषयी मी थोडे जपूनच लिहितो, कारण संग्रहालयांच्या सूचींतून हल्ली प्रत्येक फुलाला देवता चिकटविण्याची हौस दिसते, आणि ग्रीक मुलगीही कधी कधी केवळ शोभते म्हणून फूल घालीत असेल हे विसरले जाते. तरीही काही संकेत पक्के आहेत. डाळिंब पाताळातल्या पर्सेफोनीचे. मर्टलच्या झुडपाची पाने अ‍ॅफ्रोडायटीची, ऑलिव्हची अथीनेची, ओकची झ्यूसची, द्राक्षवेल डायोनायससची. मधमाशी आर्टेमिसशी जोडलेली, म्हणून र्‍होड्स बेटावरील इ.स.पू. सातव्या शतकाच्या पत्र्यांवर अर्धी स्त्री व अर्धी मधमाशी अशी देवी उठविलेली दिसते. दोन दोऱ्यांची सरळ गाठ, जिला हेराक्लीसची गाठ म्हणत, ती चौथ्या शतकापासून मुकुटपट्टीच्या ऐन मध्यभागी बसली. त्या गाठीने बांधलेली जखम लवकर भरते असे प्लिनी सांगतो, आणि रोमन नवरीच्या कमरपट्ट्यालाही हीच गाठ असे. दागिन्यांविषयी मात्र ग्रीक पुराणे संशयी आहेत. हेसिअडच्या काव्यात पँडोराच्या मस्तकी हेफेस्टसने घडविलेला जो सुवर्णमुकुट चढतो तो मानवजातीवर येणाऱ्या संकटाचा साजशृंगार आहे. आणि हार्मोनियाचा कंठा लाच म्हणून घेऊन एरिफिलीने आपल्या पतीला ज्या युद्धावर धाडले तेथून तो परत येणार नाही हे तिला ठाऊक होते. डेल्फीच्या लुटीत एका सरदारीणबाईंनी हाच कंठा निवडला हे वर सांगितलेच आहे. त्यांचाही शेवट वाईट झाला असे डायोडोरस समाधानाने नोंदवितो.

मृतांचे सोने याहून गंभीर आहे. दक्षिण इटलीत हिप्पोनियम येथे १९६९ साली एका स्त्रीच्या कबरीत सोन्याचा घडी केलेला इवलासा पत्रा मिळाला. त्यावर परलोकातील वाट सांगितली आहे: पांढऱ्या सायप्रस वृक्षाजवळच्या झऱ्याचे पाणी पिऊ नकोस, पुढे स्मृतीच्या सरोवरापाशी जा, रखवालदारांना आपली ओळख सांग. न गंजणाऱ्या धातूवर लिहिण्यामागचा हेतू उघड आहे. असाच पेटेलिया येथील एक पत्रा पुढे काही शतकांनी कोणी गुंडाळून सोन्याच्या नळीत घातला आणि साखळीला अडकवून ताईत केला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

सोन्याची ती जुनी टंचाई पुढे सरली. इ.स.पू. ३५६ मध्ये मॅसिडोनच्या फिलिपने क्रेनिडीस हे खाणींचे ठाणे घेऊन त्याला स्वतःचे नाव दिले, आणि तेथून वर्षाला हजार टॅलेंटांचा वसूल येऊ लागला. व्हर्जिना येथे आंद्रोनिकोस यांनी १९७७ मध्ये जी कबर उघडली, आणि जी फिलिपचीच असे पुष्कळांचे मत आहे, तिच्यातला ओकच्या पानांचा मुकुट ७१४ ग्रॅमचा, म्हणजे एकसष्ट तोळ्यांचा आहे: ३१३ पाने, ६८ फळे, प्रत्येक पानावर शिरा कोरलेल्या. मग त्याच्या मुलाने पर्सिपोलिसचा खजिना फोडला, तो चांदीच्या हिशेबाने एक लक्ष वीस हजार टॅलेंटांचा होता असे डायोडोरस सांगतो. सोन्याचा भाव तेराहून दहा भार चांदीवर उतरला. सोन्याचे अप्रूप संपले आणि नजर रंगाकडे वळली. मुकुटपट्टीच्या गाठीत लाल गार्नेट बसले, कानांत पाचू आले, सिंहाच्या मुखाला रंगीत मण्यांची मान लागली, आणि जेथे पूर्वी रव्यांची वेलबुट्टी चाले तेथे आता कोंदण पुरे होऊ लागले.

या रंगाच्या बाजारात आपल्या मुलखाचाही वाटा आहे, तो पुढच्या, रोमन अमलाच्या काळातला. इ.स.च्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या पेरिप्लस या व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचच्या बंदराचे वर्णन आहे. पैठणहून पट्टेदार अकीकजातीचे दगड विपुल प्रमाणात, वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला येतात असे त्यात म्हटले आहे, आणि पाश्चात्त्य सोन्याचांदीची नाणी तेथे स्थानिक चलनाशी नफ्याने बदलली जातात हेही. सातवाहनांच्या राजधानीतले हे खडे अलेक्झांड्रियाच्या कोरीवकाम करणाऱ्यांकडे जात, त्यांवर मुखे व देवता कोरल्या जात, आणि मग ते अंगठीत बसत. अंगठी आता भरीव असे, जाड असे, आणि तिचे मोल खड्यावर ठरे. ती घडविणाऱ्याला खडा पक्का धरील असे कडे करता आले म्हणजे झाले; पिळाच्या तारेची किंवा जंगालाच्या डिंकाची त्याला गरज उरली नव्हती.